उंदराने नेमकं काय खाल्लं?

“हे माझं म्हणणं नव्हे,” आचार्य ओडो म्हणाले.

“मग तुमचं म्हणणं तुम्हालाच कळत नाही,” आचार्य लांबेर म्हणाले.

“मला कळतं. तुम्हाला कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही.”

चोपदाराने काठी आपटली. विद्यार्थ्यांनी हसू दाबलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. कालही असंच, परवाही असंच.

गाव पश्चिमेकडच्या थंड मुलखातलं, आणि काळ फार जुना. त्या गावात एक विद्यापीठ होतं. विद्यापीठ म्हटलं की इमारती डोळ्यांपुढे आणू नयेत. एक लांबलचक खोली, जमिनीवर पेंढा पसरलेला, पेंढ्यावर विद्यार्थी आणि समोर उंच आसनावर आचार्य. शिकवायचा विषय देव. देव शिकवून झाला की उरलेला वेळ देवावरून भांडण.

भांडणाला तिथे मोठा मान होता, आणि भांडायची एक रीतही होती. रीत चांगली होती, जे चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायचं असेल, तर आधी ते आपल्या तोंडाने म्हणून दाखवायचं. त्याने मान डोलावली, “हो, हेच माझं म्हणणं” असं कबूल केलं, की मगच उत्तर द्यायचं. मान डोलली नाही तर उत्तराला बंदी. ही रीत घरोघरच्या स्वयंपाकघरांत लागू केली तर निम्म्या सासवा आणि निम्म्या सुना मुक्याच होतील. पण रीत कितीही शहाणी असो, मान शेवटी ज्याची त्याच्या ताब्यात असते. ओडोंची मान डोलत नव्हती आणि लांबेरांचीही डोलत नव्हती.

ओडो उंच आणि हडकुळे. लांबेर बुटके आणि गोल. दोघंही विद्वान, त्यात खोट काढायला जागा नाही. दोघं एकाच गुरूकडे शिकले होते, एकाच अंथरुणावर झोपून थंडी काढली होती. आता रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही थबकून उभे राहत, कारण वाट कुणी कुणाला द्यायची यावरही त्यांची दोन मतं होती.

आणि भांडण कशावरून, तर उंदरावरून.

झालं होतं असं. त्या लोकांची अशी श्रद्धा, की धर्मगुरूने वेदीवर प्रार्थना म्हटली की भाकर साधी भाकर राहत नाही, ती प्रभूचं शरीर होते. अशी भाकर चर्चमध्ये एका डबीत जपून ठेवतात. लोकांना प्रसाद म्हणून देतात, आजाऱ्याला घरी नेऊन भरवतात, मरणाऱ्याला शेवटचा घास म्हणून तीच देतात. एके दिवशी गावच्या धर्मगुरूंकडून, फादर मिलोंकडून, डबीचं झाकण नीट बसलं नाही. उंदीर आला, त्याने एक तुकडा खाल्ला. फादरांनी डोक्यावरची टोपी टाकून त्याला पकडलं आणि पाखराच्या पिंजऱ्यात घातलं. इथवर कुणाचं फारसं चुकलं नव्हतं. उंदराचं तर नाहीच.

फादर मिलो भले गृहस्थ, पण भित्रे. जागा धुऊन, देवाची क्षमा मागून, झाकण घट्ट लावून ते गप्प बसले असते, तर संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं गेलं असतं. पण त्यांनी विद्यापीठात जाऊन विचारलं, “उंदराने नेमकं काय खाल्लं?”

विद्यापीठाला दुसरं काय हवं होतं?

ओडो म्हणाले, “भाकर खाल्ली. जिथे श्रद्धा नाही तिथे प्रसाद नाही. प्रभू काय उंदराच्या पोटात जाईल?”

लांबेर म्हणाले, “म्हणजे तुमचा प्रभू उंदराला बघून डबीतून निघून गेला म्हणायचं. पवित्र ते पवित्र. खाणारा कोण आहे हे बघून ते बदलत नसतं.”

झालं, पेटलं. लांबेर म्हणाले, प्रभूचा अपमान झाला आहे, चर्चची मोठी शुद्धी झाल्याशिवाय आत कुणी पाऊल टाकायचं नाही. ओडो म्हणाले, शुद्धी केली तर अपमान झाला हे मान्य केल्यासारखं होईल, म्हणून शुद्धी होऊ द्यायची नाही. शुद्धीआधी कुणी आत जाऊ नये म्हणून लांबेरांनी चर्चला कुलूप लावलं. आत जाऊन कुणी गुपचूप शुद्धी करू नये म्हणून ओडोंनी त्यावर दुसरं कुलूप लावलं. भाकरीची डबी राहिली आत.

उंदराचा पिंजरा विद्यापीठात आणून ठेवला. लांबेरांचे विद्यार्थी त्याच्यापुढे मेणबत्ती लावत आणि पांढऱ्या पिठाचा पाव ठेवत, न जाणो पोटात कोण आहे. ओडोंचे विद्यार्थी त्याला चीजच्या साली टाकत, साध्या उंदराला साधं खाणं. उंदीर पावही खाई आणि सालीही खाई. त्याची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती आवीसची.

आवीस विधवा होती. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत तिची खाणावळ होती. दोन्ही आचार्यांचे विद्यार्थी तिच्याकडे जेवत, आणि ती दोन्हीकडच्यांना सारखंच खडसावे. कोलिन नावाच्या गवंड्याशी तिचं लग्न ठरलं होतं. दोघांचेही केस पिकायला लागले होते, म्हणजे पोरकटपणाचा प्रश्न नव्हता. पण हिवाळा कडक झाला की त्या मुलखात चुना धरत नाही. म्हणून गवंड्यांची टोळी दक्षिणेकडच्या एका मोठ्या कामावर निघाली होती, आणि तिथून ती कित्येक वर्षं परतणार नव्हती. टोळीबरोबर लग्नाची बायको जाऊ शकत होती. ठरलेली बायको नाही.

त्यात नाताळाच्या आधीचा आगमनकाळ तोंडावर आलेला. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, तसं त्यांच्याकडे आगमनकाळात लागत नाहीत. आणि लग्न लावायचं तर आपल्याच गावच्या चर्चमध्ये, आपल्याच धर्मगुरूच्या हातून. टोळी आगमनकाळाच्या पहिल्या सकाळी निघणार होती. म्हणजे त्याच्या आत कुलपं निघाली नाहीत, तर कोलिन जाणार आणि आवीस राहणार.

“दोन कुलपं ना? एका पहारीचं काम आहे,” कोलिन म्हणाला.

“आणि मग लग्न तुरुंगात लावायचं. बस खाली. आधी बोलून बघते.”

ती आचार्य ओडोंकडे गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुमची अडचण मला समजते. लांबेरांना माघार घ्यायला सांगा, मी लगेच माझं कुलूप काढतो.”

ती आचार्य लांबेरांकडे गेली. त्यांनीही तिला बसायला सांगितलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुमची अडचण मला समजते. ओडोंना माघार घ्यायला सांगा, मी लगेच माझं कुलूप काढतो.”

“तुम्ही दोघं एकाच गुरूकडे शिकलात ना?” आवीसने विचारलं.

“हो. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पाठांतर एकच आहे.”

मग ती कुलगुरूंकडे गेली. म्हणजे तिला जावं लागलं नाही, कुलगुरू रोज तिच्याच खाणावळीत जेवत. त्यांच्या वाडग्यात ती गरम सार ओतत होती, ती मध्येच थांबली.

“काय झालं?” कुलगुरूंनी विचारलं.

“सार हे पाण्यात मांस आहे की मांसात पाणी, यावर दोन मतं आहेत. निकाल लागेपर्यंत पातेल्याला कुलूप.”

कुलगुरू अनुभवी होते. त्यांनी तिथेच हुकूम काढला. दोन्ही आचार्यांना एका खोलीत बसवावं, दोघांनी एकमेकांचं म्हणणं नीट म्हणून दाखवावं, दोघांच्या माना डोलेपर्यंत दार उघडू नये आणि जेवण देऊ नये. आवीसने वाडगा काठोकाठ भरला.

पहिल्या दिवशी खोलीतून फक्त आरडाओरडा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी आवाज खाली आले. भूक ही चांगली शिक्षिका आहे, ती ऐकायला शिकवते. ओडो लांबेरांचं म्हणणं मांडायला बसले आणि मांडता मांडता रंगून गेले. इतकी नेटकी मांडणी, एकेक मुद्दा असा चढत जाणारा, खुद्द लांबेरांना कधी जमली नव्हती. लांबेरांची मान आपोआप डोलली. मग लांबेरांनी ओडोंची बाजू घेतली. जिथे ओडो अडखळत तिथे लांबेरांनी पूल बांधला, जिथे ओडो चिडत तिथे दृष्टान्त दिला. ओडोंची मान डोलली, आणि डोळ्यांत पाणीही आलं म्हणतात.

दार उघडलं. दोघांनी पोटभर जेवण केलं. गावात साखर वाटायची तेवढी राहिली. आवीसने लग्नाचा झगा पेटीतून काढून उन्हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहातून पुन्हा काठी आपटल्याचा आवाज आला. आवीस धावत गेली. चोपदार दारातच डोकं धरून बसला होता.

“मिटलं होतं ना?” तिने विचारलं.

“मिटलं कुठलं, बाई. बाजू बदलल्या.”

तसंच झालं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, पण स्वतःच्या तोंडून इतकं सुरेख निघालेलं, मग ते खोटं कसं असेल? ओडो आता म्हणत होते, पवित्र ते पवित्र. लांबेर म्हणत होते, श्रद्धा नाही तिथे प्रसाद नाही. आवाज तोच, मुठी आपटणं तेच, फक्त आसनं इकडची तिकडे. बिचाऱ्या विद्यार्थ्यांनी पेंढ्यावरच्या जागा बदलल्या, कारण गुरू बदलायचा की मत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुलपांचाही प्रश्न आला. शुद्धीसाठीचं कुलूप आता ओडोंचं व्हायला हवं होतं आणि शुद्धीविरुद्धचं लांबेरांचं. कुलपं काढून पुन्हा लावायची तर दार क्षणभर उघडं राहणार, आणि तेवढा भरवसा कुणाला? म्हणून दोघांनी किल्ल्याच बदलून घेतल्या. एकमेकांशी एकमत होऊन त्यांनी केलेलं तेवढं एकच काम.

उंदराला आता पाव दुसरे विद्यार्थी देऊ लागले आणि साली दुसरे. तो जाडजूड झाला होता.

आवीसने झगा घडी करून पेटीत ठेवला.

तिच्या घरासमोर तेओ नावाचा म्हातारा राहत होता. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला, तोंडाने मात्र खणखणीत. चर्च बंद झाल्यापासून रोज सकाळी तो खिडकीतून ओरडे, “ए आवीस, माझी भाकर सुटली का?” त्याला प्रसाद हवा होता. तो घेतल्याशिवाय मरायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि आपलं ठरलेलं आता फार दिवस निभणार नाही हेही त्याला कळत होतं. आवीस रोज उत्तर देई, “अजून नाही, म्हातारबाबा. उंदराचं आधी ठरू दे.” म्हातारा उंदराला, आचार्यांना आणि हवामानाला एका दमात शिव्या देई आणि पुन्हा पडे.

आगमनकाळाच्या आदल्या दिवशी विद्यापीठात खुली सभा होती. वर्षातून अगदी मोजक्या वेळा असा दिवस येई, की कुणीही उठावं, काहीही विचारावं आणि आचार्यांनी उत्तर द्यायलाच हवं. आवीसने ठरवलं, आज सगळ्यांसमोर लग्नाचं विचारायचं. नुसतं विचारायचं नाही, दोघांना गावासमोर लाजवायचं. कोलिन नवा सदरा घालून आला. फादर मिलो प्रार्थनेचं पुस्तक काखेत मारून आले. संध्याकाळची घंटा झाली की आगमनकाळ लागला, मग काही करता येणार नव्हतं.

निघताना तिने सवयीने समोरच्या खिडकीकडे पाहिलं. आज हाक आली नव्हती. ती आत गेली. म्हातारा शुद्धीवर होता, पण आवाज गेला होता. त्याने उशीवरून नुसता हात उचलला आणि बोटं हलवली, म्हणजे, सुटली का?

त्याचं पांघरूण नीट करून ती सभेला गेली.

दारात चोपदार आडवा आला. “बाईमाणसाला आत परवानगी नाही.”

“कुणीही यावं असं तुम्हीच पुकारलंत ना?”

“हो, पण कुणीही म्हणजे…”

“कुणीहीमध्ये मी येते की नाही, हाही प्रश्न आजच आत विचारून टाकू. आचार्यांना आवडेल. वसंतापर्यंत पुरेल त्यांना.”

चोपदार घाईघाईने बाजूला झाला. “एका माणसाला एकच प्रश्न,” तो मागून पुटपुटला.

आत बराच वेळ देवदूतांना घाम येतो का, यावर चाललं होतं. मग आवीसची पाळी आली. ती काय विचारणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आचार्यांनाही ठाऊक होतं, दोघांनी उत्तर घरून तयार करून आणलं होतं. लग्न ही ऐहिक बाब असून ती तत्त्वापुढे गौण आहे, असं काहीसं.

आवीस उभी राहिली. तिने कोलिनकडे पाहिलं. मग तोंड उघडलं, आणि लग्नाचं नावही काढलं नाही. ती एकच वाक्य बोलली, तेही आवाज न चढवता. ते वाक्य शेवटी जसंच्या तसं दिलं आहे. आधी त्याने काय झालं ते ऐका.

चोपदाराने सवयीने काठी आपटली. “उत्तराआधी म्हणणं म्हणून दाखवावं.”

ओडो उठले. “बाईंचं म्हणणं असं दिसतं, की ज्ञेय वस्तूंच्या क्रमात जे प्रथम आणि जे नंतर…”

आवीसची मान हलली नाही.

लांबेर उठले. “बाईंचं म्हणणं असं, की पवित्र वस्तूचं स्वरूप एक आणि तिचा विनियोग दुसरा, आणि…”

मान हलली नाही.

ओडो पुन्हा उठले. या वेळी वाक्य लहान झालं. लांबेरांचं त्याहून लहान झालं. दरवेळी काही शब्द गळून पडत होते, आणि जितके शब्द गळत तितके दोघांचे चेहरे उतरत होते. विद्यार्थी हसत नव्हते. शेवटी ओडोंनी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, खाली बघून, म्हणून दाखवलं.

आवीसने मान डोलावली.

“आता उत्तर द्यावं,” चोपदार म्हणाला.

ओडोंनी लांबेरांकडे पाहिलं. खोडून काढायला नाही, विचारायला पाहिलं. असं त्यांनी किती वर्षांत केलं नव्हतं कोण जाणे. लांबेरांनी कमरेची किल्ली काढून मेजावर ठेवली.

“ही मूळची तुमची,” ते म्हणाले.

“नाही, आता ती तुमचीच,” ओडो म्हणाले आणि आपल्याजवळची बाजूला ठेवली. “मूळची तुमची ती ही.”

यावरही दोन मतं व्हायची लक्षणं दिसताच आवीसने दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि फादर मिलोंच्या हातात दिल्या.

चर्चचं दार उघडलं तेव्हा ऊन पार उतरलं होतं. फादरांनी दारातच विचारलं, “पोरी, घंटेला फार वेळ नाही. आधी लग्न लावून घेऊ?”

“आधी डबी घ्या आणि तेओबाबांकडे जा,” आवीस म्हणाली.

कोलिनने तिच्याकडे पाहिलं. मग तो तडक मनोऱ्याकडे पळाला. घंटेचा दोर पकडून घंटावाला उभाच होता. कोलिनने दोर त्याच्या हातातून घेतला, खाली घातला आणि त्यावर ठाण मांडून बसला.

“अरे, वेळ झाली. हे पाप नाही का?” घंटावाल्याने विचारलं.

“असेल. विद्यापीठाला विचारून ये.”

घंटावाला त्याच्याशेजारी मुकाट्याने बसला.

तेओबाबाने प्रसाद घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना वाटलं, गेला. तो झोपला होता. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला आणि त्या दिवशीच्या भाकरीला मीठ कमी होतं अशी कुरकुर करत राहिला. आवीसचं लग्न लागलं. घंटा त्या दिवशी जरा उशिरा वाजली, पण आगमनकाळ घंटा वाजल्यावरच लागतो, यावर गावात कुणाचंही दुसरं मत नव्हतं. सकाळी टोळी दक्षिणेला निघाली, तिच्यात एक बायको जास्त होती.

फादरांनी उंदराला शेतात सोडलं. तो इतका लठ्ठ झाला होता की पिंजऱ्याच्या दारातून काढताना त्याला खालून ढकलावं लागलं. त्याने काय खाल्लं याचा निकाल अजून लागलेला नाही. दोन्ही आचार्य त्यावर मरेपर्यंत भांडले, पण आवीस दुसऱ्याच्या हाती सोपवून गेली त्या खाणावळीत, जेवता जेवता, आणि चर्चचं दार उघडं ठेवून.

तात्पर्य वेगळं काढायला नको, आवीस सभेत उभी राहून बोलली तेच: “उंदराच्या वाट्याला काय आलं ते देवाला ठाऊक आहे, तुम्ही सावकाश ठरवा, पण तुमचं ठरेपर्यंत माणसांच्या वाट्याला काहीच आलं नाही, आणि याला दुसरी बाजू नाही.”